गाळपेर

"पाहुणे म्हणता ना तुम्ही यांना? मग पाहुण्यासारखं राहावं की! पाहुणा कधी उभ्या पिकात जेवायला बसतो का?"

मामी हे म्हणाली तेव्हा तिच्या एका हातात तेलाचा रिकामा डबा होता आणि दुसऱ्या हातात बाभळीचं दांडकं. पौषातली पहाट. द्राक्षबागा गारठू नयेत म्हणून रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर वर जायला तयार नव्हता. तळ्यावरच्या धुक्यात मिसळून तो जमिनीलगत पसरला होता आणि श्वास घेताना जळक्या पाचोळ्याचा आणि ओल्या चिखलाचा वास एकत्रच नाकात शिरत होता. कुंदेवाडीच्या ज्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात सगळ्या महाराष्ट्राला वाचायला मिळतो, ते याच निफाड तालुक्यातलं. मामीच्या डोक्याला मामाचा मफलर, अंगात जुना स्वेटर आणि पायात काहीच नाही. वीतभर वाढलेल्या गव्हात काळे ठिपके हलत होते, तीसचाळीस तरी असतील. मामीने डब्यावर दांडकं हाणलं तसे ते सगळे पाण्याकडे पळाले आणि पाण्याला पाय लागले तरी पळतच राहिले. वारकरी पक्षी जागेवरून भुर्रकन उडत नाही. पंख फडफडवत, पावलांनी पाणी बडवत धावत सुटतो, आणि गरज वाटली तरच उडतो. तो फटफट आवाज धुक्यात विरेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या उभ्या होतो. मग मामी खाली वाकली आणि तिने मला गव्हाची पाती दाखवली. कात्रीने तिरपी कापावीत तशी शेंड्याला खुडलेली. मध्ये मध्ये हिरवट विष्ठा पडलेली, अजून ओली. बोलताना मात्र तिची नजर माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीवर होती. "तुम्ही" म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही.

मी काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काही सुचलंही नाही.

पुण्याला परतताना एसटीत तो एकच शब्द डोक्यात फिरत राहिला. पाहुणे. दर वर्षी थंडी सुरू झाली की वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो, "परदेशी पाहुण्यांचे आगमन". खाली पाण्यावर उतरणाऱ्या थव्याचा फोटो. मीही कितीतरी फोटोंखाली हेच लिहिलंय, आणि लिहिताना मनात प्रेमच होतं. आपल्याकडे पाहुण्याला मान असतो. त्याला आधी वाढतात, त्याच्यासाठी ठेवणीतली चादर काढतात, आणि त्याने ताट उचलायला हात पुढे केला तर घरातली बाई ते काढून घेते. पाहुणा येतो, चार दिवस राहतो, जातो. घर त्याच्या येण्याआधी जसं चालत होतं तसंच त्याच्या जाण्यानंतर चालतं. मामीचा राग पक्ष्यांवर होताच, पण त्याहून जास्त या शब्दावर होता असं मला बसल्या बसल्या वाटायला लागलं. पाहुणा म्हटलं की त्याच्या जेवणाचा खर्च यजमानाने करायचा असतो. इथे यजमान कोण? पक्षी बघून आनंद मला होतो, आणि ताट मामीच्या गव्हातून वाढलं जातं.

माझं आजोळ नांदूरमध्यमेश्वरच्या तळ्याकाठचं. लहानपणी आम्ही त्याला तळंही म्हणत नव्हतो, नुसतं "पाणी" म्हणायचो. आजी पाण्यावर जायची, म्हशी पाण्यावर न्यायच्या, मामा पाण्याकडे गेलाय. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दगडी बंधारा बांधला. त्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली कोपरगाव-राहात्यापर्यंतची शेती भिजवली. बंधारा बांधणाऱ्यांच्या डोळ्यापुढे ऊस होता, पक्षी नव्हते. पण नदी अडली तसा तिचा गाळही अडला. वर्षानुवर्षं पुरासोबत येत राहिला, बसत राहिला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं उठली, बेटांवर बाभळी आल्या, कडेला पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा, तेवढी साठवण गेली. आणि त्याच तोट्याने या जागेचं तळं केलं. १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. तरी अजूनही बहुतेकांना हे नाव पावसाळ्यातल्या बातमीतूनच माहीत असतं. नांदूरमध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग, एवढंच.

आजी कधी "पक्षी बघायला" गेली नाही. पण नावं तिच्याकडूनच कळली. काळ्याकुट्ट अंगाच्या आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा लावलेल्या पक्ष्याला ती वारकरी म्हणायची. चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके असलेलं बदक म्हणजे हळदी-कुंकू. ही नावं आता पक्ष्यांच्या पुस्तकांत छापलेली आहेत, पण ती पाण्यावर रोज जाणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत हे ऐकतानाच कळतं. हिवाळ्यात आम्ही ओट्यावर गोधडीत दाटीवाटीने झोपायचो तेव्हा रात्री वरून शीळ घालत अडई, म्हणजे एक जातीची रानबदकं, जायच्या. दोन सुरांची बारीक शीळ, अंधारात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाणारी. दिसायचं काहीच नाही. आजी झोपेतच म्हणायची, "चालल्या चरायला." शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींबद्दलही ती याच आवाजात, याच शब्दांत बोलायची.

त्या पहाटेनंतर दुसऱ्या दिवशी मी चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर न चढता खाली काठावरच बसले. दुर्बीण एकाच टापूवर ठेवायची आणि तासभर हलवायची नाही असं ठरवलं. एरवी आपण पक्षी मोजत जातो, ओळखत जातो, वहीत नावं वाढवत जातो. तो काय करतोय हे बघायला थांबत नाही. त्या टापूत पंधराएक वारकरी होते. एकजण किंचित उसळी मारून डोक्यावर बुडी घ्यायचा. पाण्यात आठ-दहा सेकंद. मग बुचासारखा वर यायचा, चोचीत पाणगवताचा लोंबता हिरवा झुबका. तो झुबका तो एका घासात खात नाही. पाण्यावर ठेवतो, ओढतो, तोडतो, अर्धा सोडून देतो. त्याच्या मागेपुढे दोन गडवाल बदकं तरंगत होती. त्यांना इतकी खोल बुडी जमत नाही. वारकरी वर आला की त्याच्या चोचीतलं सरळ ओढून घ्यायचं, हा त्यांचा उद्योग. तो बिचारा परत बुडी घ्यायचा. गवताच्या सुटलेल्या तुकड्यांना बारीक गोगलगाई, किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या असतात. त्यांच्यासाठी लहान मासे वर आले होते, आणि माशांसाठी वर खंड्या घिरट्या घालत होता. थोडं पलीकडे थापट्या बदकांचा घोळका. फावड्यासारखी चोच पाण्यात टेकवून ती एकामागोमाग गोल गोल फिरत होती, मळणीच्या खळ्यावर बैल फिरायचे तशी. त्यांच्या फिरण्याने तळाचं बारीकसारीक वर येतं आणि चोचीच्या कडेच्या जाळीतून ती ते गाळून घेतात. चिखलात पाय रोवून उभी असलेली जांभळी पाणकोंबडी पाणकणसाचा कोंब उपटून पोपटासारखा पायाच्या मुठीत धरून सोलत होती.

तासाभरात त्या टापूत कुणी पाहुण्यासारखं बसलेलं मला दिसलं नाही.

खुडणं, उपटणं, ढवळणं, गाळणं, खत टाकणं. पाण्याखालचं गवत शाबूत असलं की ते गाळ धरून ठेवतं, पाण्यातली खतं ओढून घेतं आणि पाणी नितळ राहतं. नितळ पाण्यात ऊन खोलवर जातं, म्हणून गवत जगतं. ही साखळी तुटली की पाणी हिरवंगढूळ होतं आणि मग पुन्हा नितळ व्हायला फार अवघड जातं. वारकरी ते गवत खातो म्हणून तो त्याचा शत्रू, असं वरवर वाटेल. पण तो खुडतो, तुकडे सोडतो, आणि हायड्रिलासारख्या गवताचा गाठ असलेला तुकडा चिखलात रुतला तरी त्यातून नवं फुटतं. बेटावरच्या बाभळींवर पावसाळ्यात बगळे, पाणकावळे, शराटी घरटी करतात. त्या झाडांखालची पानं पांढरी पडलेली असतात आणि वास इतका उग्र की नाव जवळ न्यायला नको वाटतं. तळ्यातून मासा बनून वर गेलेलं तेच परत तळ्यात उतरत असतं. त्या बाभळींखालच्या पाण्यात माशांची पिल्लं जमतात असं नाव चालवणाऱ्या एका काकांनी मला सांगितलं. ते म्हणाले, "पक्ष्याचं शेणखत." तेवढंच म्हणाले आणि वल्हं मारायला लागले.

आता चिखलाची गोष्ट. मामीच्या शेतातून आले तेव्हा माझ्या बुटांच्या तळव्यांना बोटभर चिखल चिकटलेला होता. पुण्यात गॅलरीत बसून मी तो काडीने खरवडला आणि तुळशीच्या कुंडीत टाकला, काळी कसदार माती वाया कशाला घालवा म्हणून. तीनेक आठवड्यांनी तुळशीशेजारी एक पातळ हिरवी काडी उभी. आईने ते तण म्हणून उपटायला हात घातला आणि मी ओरडले. बोटांत धरून फिरवली तर तिला तीन कडा लागल्या. लव्हाळा. आता लव्हाळा पुण्यातल्या कुठल्याही कुंडीत येतो, नर्सरीच्या मातीतूनही येतो, त्यामुळे तो नांदूरचाच असं छातीठोकपणे सांगता येईना. पण चैन पडेना. कारण मला चार्ल्स डार्विन आठवला होता. त्याने एका लहानशा तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घेतला, सहा महिने आपल्या खोलीत झाकून ठेवला, आणि उगवलेलं एक-एक रोप उपटून मोजलं. ५३७ रोपं. सगळा चिखल नाश्त्याच्या एका कपात मावेल एवढा. १८५९ साली त्याने हे लिहिलं ते याच प्रश्नापोटी, की एकमेकांपासून दूर असलेल्या तळ्यांमध्ये तीच झाडं, त्याच गोगलगाई कशा पोचतात. त्याने बदकाचे पाय पाण्याच्या टाकीत टांगून ठेवले तर नुकत्याच जन्मलेल्या इवल्या गोगलगाई त्यांवर चढल्या, आणि पाय बाहेर काढल्यावरही ओलसर हवेत बारा ते वीस तास जिवंत राहिल्या. तेवढ्या वेळात बदक किती लांब जाईल याचा त्याने हिशेब मांडला.

तळ्याला पाय नसतात. नदी निदान वाहते, तिच्यातलं बी खाली जातं. तळं आपल्या जागी बसलेलं, चारी बाजूंनी कोरडी जमीन, शेतं, डांबरी रस्ते. त्याच्यातलं गवत दुसऱ्या तळ्यापर्यंत जाणार कसं? पक्ष्याच्या पावलांत, पिसांत आणि पोटात. लहान, कठीण कवचाचं बी बदकाच्या पोटातून धडधाकट बाहेर पडतं. काही बियांना तर त्या प्रवासानंतरच लवकर अंकुर फुटतो. आजी म्हणायची, पहिल्या पावसाबरोबर आभाळातून मासे पडतात, नाहीतर कोरड्या पडलेल्या डबक्यात ते येतील कुठून. आम्ही मोठे झाल्यावर हसायचो. २०२० साली हंगेरीतल्या संशोधकांनी मॅलर्ड बदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली आणि विष्ठेतून बाहेर पडलेली तपासली. हजारात दोनेक शाबूत निघाली, त्यांतली बरीचशी जिवंत. दोनेक म्हणजे अगदीच किरकोळ, पण मासा अंडी लाखांनी घालतो आणि बदकं हजारांनी असतात. हे वाचलं तेव्हा आजी नव्हती. तिला सांगितलं असतं, की तू फार चुकली नव्हतीस, मासे आभाळातूनच आले असतील.

अर्थात पक्षी निवडून पेरत नाही. चांगलं बी, वाईट बी, मूळचा मासा, बाहेरचा मासा, त्याच्या पोटात सगळं सारखंच. पण पेरतो तो. नांदूरच्या गाळात किती वर्षांचं, किती तळ्यांचं बी पडून असेल याचा विचार केला की त्या काळ्या चिखलात पाय ठेवताना मला थबकायला होतं.

आणि इथे मामीच्या शेताचं खरं नाव सांगायला हवं. ते शेत गाळपेर आहे. कालव्याला आवर्तन सुटलं, पाणी उतरलं, की तळ्याचा तळ उघडा पडतो. त्या उघड्या, मऊ गाळात नांगराशिवायही पेरता येतं. आमच्या आजोळी किती पिढ्या ते करतायत कुणास ठाऊक. मामीचा तो अर्ध्या एकराचा तुकडा पावसाळ्यात पुरुषभर पाण्याखाली असतो. त्यात गहू चार महिने असतो आणि वारकरी, पाण्यासोबत, उरलेले आठ. म्हणजे पाहुणा कोण, हे तिला उलटं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. कारण त्या अर्ध्या एकराच्या गव्हावर तिच्या घरच्या पोळ्या होतात, आणि माझ्या घरचं पीठ दुकानातून येतं. तिने एकदा नुकसानीचा अर्ज दिला होता. तिथे पहिला प्रश्न आला, जमीन कुणाच्या नावावर? गाळपेरीला नाव नसतं. जुन्या साड्यांचं कुंपण, बांधाबांधावर ताणलेल्या चकाकत्या पट्ट्या आणि तो डबा, एवढीच तिची व्यवस्था. थंडीत पहाटे साडेपाचला उठून डबा वाजवणाऱ्या बाईला पर्यावरणाचा धडा द्यायला माझी जीभ रेटणार नाही.

डॉ. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं. कौतुक म्हणूनच सांगतात. मला मात्र भरतपूर म्हटलं की १९८२ आठवतं. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्या वर्षी गुरं चारायला बंदी आली. पक्ष्यांच्या भल्यासाठीच आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे म्हशी चारणारे गावकरी चिडले, झटापट झाली, गोळीबारात माणसं मेली. आणि पुढे काय झालं? म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचं गवत माजलं. उघडं पाणी त्याने झाकून टाकलं, बदकांना उतरायला जागा राहीना, मासे कमी झाले, पक्षीही घटले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष निघाला की म्हशी ते गवत आटोक्यात ठेवत होत्या. ज्यांना तळ्याबाहेर काढलं त्या तळ्याच्याच घरातल्या होत्या. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला आजीच्या म्हशी आठवल्या, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या, पाठीवर एक-एक बगळा. पाण्यातून उठल्या की त्यांच्या खुरांचे खोल खड्डे उरायचे आणि त्या खड्ड्यांत तुतवार चोच घालत फिरायचे. माणूस, म्हैस, वारकरी यांतला एक वगळून तळं राखता येईल असं मला वाटत नाही. सगळ्यांना एकत्र ठेवून ते कसं राखायचं, तेही मला नीट सांगता येत नाही.

दुसरी एक गोष्ट आणखी छळते. आम्ही पक्षी मोजणारे आकड्यावर फार खूष होतो. यंदा इतके हजार, गेल्या वर्षीपेक्षा जास्त, म्हणजे तळं छान. पुण्यात येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेच्या काळ्या पाण्यात हिवाळ्यात शेकाट्यांचे थवे असतात. लांबसडक गुलाबी पाय, पांढरीशुभ्र अंगं, आणि खाली असं पाणी की काठावर उभं राहून नाकाला रुमाल लावावा लागतो. त्यांना तिथे घाणीतल्या अळ्या मिळतात. पक्षी आहेत, पण नदी बरी नाही. म्हणून किती यापेक्षा कोण, हे बघायला हवं. पाण्याखालचं गवत खाणारे आहेत का, मासा बघून सूर मारणारे आहेत का, की नुसते गढूळ चिखलात भागवणारेच वाढलेत? नांदूरला वरून नाशिकचं पाणी येतं, त्यासोबत शहराने टाकलेलं सगळं येतं, आणि त्यावर पोसलेल्या पाणवेली येतात. चांदोरी-सायखेड्याच्या पुलांना त्या अडकतात तेव्हा बातमी होते. तळ्यात पसरतात तेव्हा होत नाही. हिरवागार गालिचा, त्यावर जांभळी फुलं, फोटो सुंदर येतो. त्याखाली अंधार असतो. ऊन नाही म्हणून गवत मरतं, गवत नाही म्हणून वारकऱ्याला बुडी घेऊन वर आणायला काही उरत नाही. कमळपक्षी मात्र लांब बोटं पसरून त्या वेलींवर तोऱ्यात चालतो. तोही देखणाच. त्याला बघून आनंद होतो, आणि त्याच क्षणी तो कशावरून चालतोय हेही दिसतं.

पुढच्या पौषात परत गेले. त्याआधी पावसाळा संपता संपता गेले होते तेव्हा मामीच्या बांधाला लागून, जिथे वारकऱ्यांच्या पाळीदार बोटांची पावलं उमटली होती, तिथला तीन चमचे चिखल मी आईस्क्रीमच्या डब्यात घालून पुण्याला आणला होता. डबा उकळत्या पाण्याने धुतलेला, वरून जाळी, पाणी गाळलेलं. तीन महिन्यांत चौदा रोपं आली. डार्विनच्या आकड्यापुढे काहीच नाहीत, पण रोज सकाळी चहा घेऊन मी त्या डब्यापुढे बसायचे. पहिलं रोप तर केसाएवढं होतं, टोकावर बियाचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीने निघाले.

पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि मामीच्या दारात मांडव होता. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला निघालेल्या दिंडीचा दुपारचा मुक्काम तिच्याकडे असतो. चुलीवर पिठल्याचं पातेलं, भाकऱ्यांची चवड, लसणाचा आणि धुराचा वास, टाळ एका बाजूला काढून ठेवलेले. काही म्हातारे पाय पसरून तळव्यांना तेल चोळत होते. दोन बाया मामीसोबत भाकऱ्या थापत होत्या, एकजण विहिरीवरून पाणी आणत होता. मी हातपाय धुऊन आत गेले आणि तिला विचारलं, "किती पाहुणे आहेत गं, मी वाढू का?"

मामीने तव्यावरची भाकरी उलटली. "पाहुणे काय गं. वारकरी ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही शेतात गेलो. थंडी तीच, धूर तोच. गहू यंदा थोडा उशिरा पेरलेला, चार बोटंच वर आला होता. मी तिच्या हातात आईस्क्रीमचा डबा दिला आणि सांगितलं की हे तुझ्या बांधावरच्या चिखलातलं आहे, मी काहीच पेरलेलं नाही. तिने डबा डोळ्यांजवळ नेला, रोपं बोटाच्या टोकाने एक-एक बाजूला करत गेली. "हा लव्हाळा. हाही लव्हाळा. हा माका, तुझी आजी तेलात उकळायची तो. हे पाणकणीस." एका रोपापाशी ती थांबली. दोन इवली पानं, तांबूस देठ. पान चुरून तिने वास घेतला, मान हलवली. "हे आपल्याकडचं नाही."

"मग आलं कुठून?"

ती पाण्याकडे बघत राहिली. धुक्यात वारकऱ्यांचे टिळे तेवढे दिसत होते, पांढरे, एकेक हलणारे. मग तिने साडीचा ओचा खोचला, गव्हाच्या पलीकडे, जिथे गाळ ओला होता तिथे उतरली, डबा उपडा केला आणि तो चिखलाचा गोळा टाचेने हलकेच दाबला. ते अनोळखी रोप मात्र तिने आधी काढून बाजूला ठेवलं होतं. ते तिने दोन बोटांनी खड्डा करून वेगळं लावलं आणि खूण म्हणून शेजारी काडी रोवली. हात पाण्यात खळबळून पदराला पुसत ती वर आली. तेवढ्यात साड्यांच्या कुंपणाखालून पाच-सहा काळे ठिपके गव्हात शिरले होते. मामीने बांधावरचा डबा उचलला.